बर्फाच्या पावसात अडकलोय, वीज-पाणी बंद, घरात तान्हं बाळ. काय काय करता येईल?

पिंपळपान | रविवार ३० मार्च २०२५, सकाळी ७:५०

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. फोन ३४ टक्के आहे म्हणून पटापट लिहिते, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही मिशिगनच्या उत्तर भागात राहतो, गेलॉर्डच्या बाहेर वीसेक किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला. परवा रात्रीपासून पाऊस लागलाय आणि बाहेर तापमान शून्याच्या एक-दोन खाली, म्हणजे पडतंय पाणीच पण ज्याला लागेल त्याच्यावर लगेच गोठतंय. स्नो नाही हा, अक्षरशः काच. दारातल्या बर्चच्या झाडाची काडी आत आणून बघितली, काडी माचिसच्या काडीएवढी आणि भोवती बर्फ माझ्या अंगठ्याएवढा. काल संध्याकाळी सहाला वीज गेली. रात्रभर झाडं मोडतायत, आधी बंदुकीसारखा आवाज येतो आणि मग भांड्यांची अख्खी मांडणी खाली आल्यासारखा खळखळाट. आमच्या रस्त्यावर दोन्हीकडून झाडं आडवी, गाडी काढायचा प्रश्नच नाही.

घरात मी, नवरा, साडेतीन महिन्यांचं बाळ आणि बाळंतपणाला वाईहून आलेली आई. घर गरम करणारा फर्नेस प्रोपेन गॅसवर चालतो, टाकी अर्धी भरलेली आहे, पण त्याचा पंखा विजेवर, म्हणजे गॅस असून घर गार. पाणी बोअरचं, तोही पंप विजेवर. स्वयंपाकाचा गॅस काडीने पेटतो तेवढंच बरं. घरात आत्ता १३ डिग्री आहे. जनरेटर नाही.

आई म्हणतेय की बाहेरचा बार्बेक्यू कोळसे घालून मागच्या खोलीत आणू, वाईला बाळबाळंतिणीला शेक-शेगडी देतो तसं, एक खिडकी किंचित उघडी ठेवू. मला ते बरोबर वाटत नाहीये पण तिला पटेल असं सांगताही येत नाहीये. कुणी अशातून गेलंय का?

सदाफुली | रविवार, सकाळी ८:०५

शेगडी आत आणू नका!! मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. बाकीचं सगळं नंतर, आधी हा प्रतिसाद आईंना वाचून दाखव.

काकू, तुमचा अनुभव खोटा नाही. वाईचं घर कौलारू असेल, वर माळा, दाराला फटी, कौलांतून वारा खेळता. तिथे शेगडीचा वायू आपोआप निघून जायचा. लेकीचं घर थंडीसाठी डब्यासारखं बंद बांधलेलं असतं, दुहेरी काचा, दाराला रबर. कोळसा लालबुंद झाला, धूर थांबला, की आपल्याला वाटतं आता काही नाही. पण त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येत असतो, त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि माणसाला वाटतं दमलोय म्हणून झोप येतेय. त्या झोपेतून उठत नाही. किंचित उघडी खिडकी पुरत नाही. आपल्याकडे दर थंडीत बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने माणसं जातात ना, तोच हा वायू.

अजून एक. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, या विषबाधेत ते ९८-९९ दाखवत राहतं कारण त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा भराभर चालतो त्यामुळे त्याला आधी लागतं, आणि ते सांगू शकत नाही.

गॅसवर स्वयंपाक करा, पण खोली गरम करायला बर्नर तासन्‌तास लावून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आहे का घरात? बॅटरीवर चालतो का बघ.

बाळाची ऊब तुमच्या अंगात आहे. उघड्या छातीला लावून वरून शाल, डोक्याला टोपी, आणि जो जागा आहे त्याच्याकडे बाळ, आळीपाळीने. झोपवताना मात्र मोठ्यांच्या मधे गोधड्यांच्या ढिगात नको, गुदमरायची भीती असते. कपड्यांचे थर वाढव, तोंडावर पांघरूण येईल असं काही नको. हातपाय गार लागले तर घाबरू नकोस, मानेमागे आणि पोटाला हात लावून बघत जा. ते गार पडलं, किंवा बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, तर रस्ता बंद असला तरी ९११ ला फोन कर, थांबू नकोस. आणि तू स्वतः गरम गरम खात-पीत राहा, दूध त्यावरच आहे.

शेवगा | रविवार, सकाळी ८:४०

डॉक्टरांना शंभर टक्के अनुमोदन.

१९९८ च्या जानेवारीत मी माँट्रियलच्या पूर्वेला ग्रॅनबीजवळ होतो. ५ ते १० जानेवारी असा टप्प्याटप्प्याने हाच पाऊस पडला, काही ठिकाणी १०० मिलिमीटरच्या वर. क्वेबेकमध्ये विजेचे हजाराच्या आसपास लोखंडी मनोरे आणि तीस हजारांहून जास्त लाकडी खांब पडले. ग्रॅनबी, सँत-यासँत आणि सँ-जाँ-स्यूर-रिशल्यू या तीन गावांमधल्या पट्ट्याला लोक काळा त्रिकोण म्हणायला लागले, तिथे काही घरांत महिनाभर वीज नव्हती. बूशरव्हिल गावात तर रेल्वेचं डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्यावरून चालवत नेलं होतं, नगरपालिकेच्या इमारतीला वीज द्यायला. हे घाबरवायला सांगत नाही, दोन दिवसांत येईल या हिशोबाने बसू नका एवढ्यासाठी सांगतोय. दोन आठवड्यांचा हिशोब धरा, लवकर आली तर आनंदच आहे.

आता कामाचं बोलतो.

एक खोली निवडा, सगळ्यात लहान आणि दक्षिणेला खिडकी असलेली. सगळे तिथेच. दाराला जाड रजई टांगा, जमिनीवर जे असेल ते अंथरा, गालिचा, योगाची मॅट, जाड पुठ्ठा, जमीन फार ऊब खेचते. दिवसा ऊन आलं की पडदा उघडा, मावळलं की बंद.

पाणी. प्रेशर टँकमध्ये थोडं उरलेलं असतं, नळ उघडून वाया घालवू नका, तेवढं पिण्याला. फ्लशसाठी बादलीभर पाणी एकदम भसकन कमोडमध्ये ओतायचं, हळूहळू ओतलं तर जात नाही. आणि तुमच्या दारात पाणीच पाणी आहे, नुसतं गोठलेलं. टपात बर्फ भरून घरात ठेवा. त्यातलं प्यायचं असेल तर उकळून.

पाइप. घरातलं तापमान ४-५ वर यायला लागलं तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा, वरचेही उघडा, लाइन रिकामी करा. फुटलेला पाइप वीज आल्यावर कळतो आणि तोवर तळघर भरलेलं असतं. आमचं झालं होतं.

आणि झाडाखाली कुणीही जायचं नाही. पाऊस थांबल्यावर तर मुळीच नाही, ऊन पडलं किंवा वारा सुटला की अडकलेल्या फांद्या तेव्हाच पडतात.

द्राक्षबाग | रविवार, सकाळी ९:१५

ताई काळजी घ्या. मी निफाडचा, आमच्याकडे गारपीट होते ती बघितलीय पण ती पंधरा मिनिटांत होत्याचं नव्हतं करून जाते. हे दोन दिवस चालतं म्हणजे नेमकं काय? गारच का पडत नाही?

रानवारा | रविवार, सकाळी १०:३०

@द्राक्षबाग दादा, गारेचं आणि याचं कुळ वेगळं. गार उंच वादळी ढगात तयार होते, वर-खाली होत तिच्यावर थर चढतात आणि ती दगड होऊनच खाली येते. इथे ढगातून निघतो तो साधा स्नो. मधे वाटेत दक्षिणेकडून घुसलेला गरम हवेचा थर असतो, त्यात स्नो वितळून पाऊस होतो. मग जमिनीलगत पुन्हा शून्याखालच्या हवेचा पातळ थर. तो थर जाड असता तर थेंब हवेतच गोठून खडीसाखरेसारखे दाणे पडले असते, ते उडून जातात, फारसं नुकसान करत नाहीत. थर पातळ असल्यामुळे थेंबाला गोठायला वेळ मिळत नाही, तो शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदी, तार, पायरी, जे पहिलं लागेल त्याच्यावर गोठतो. म्हणजे शे-दोनशे मीटरच्या फरकावर सगळं ठरतं.

वजनाचा अंदाज द्यायचा तर तारेवर अर्धा इंच बर्फ चढला की दोन खांबांमधल्या तेवढ्याच तारेवर सव्वादोनशे किलोच्या आसपास भार वाढतो. पिंपळपानच्या अंगठ्याएवढ्या काडीवरून कल्पना करा. त्यात झाडं पडतात ती वेगळीच.

पिंपळपान | सोमवार ३१ मार्च, दुपारी २:२०

आम्ही ठीक आहोत. शेजारच्या आजोबांच्या गाडीत फोन चार्ज करतेय.

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की तिच्या आत्याची जाऊ बाळंतिणीच्या खोलीत अशीच गेली होती, दार लावून शेगडी ठेवली होती, सगळे म्हणाले बाधा झाली. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बार्बेक्यू तिने स्वतःच झाकून ठेवला.

काल रात्री घर ९ डिग्रीवर आलं. बाळ माझ्या नाहीतर नवऱ्याच्या अंगावर, दोघं मिळून चार-चार तासांची पाळी. आज सकाळी पलीकडचे आजोबा (७४ वर्षांचे, एकटे राहतात, मेपलचं सिरप करतात) करवत घेऊन पडलेली झाडं कापत कापत आमच्या दारापर्यंत आले. आमच्या दोन घरांत चारशे मीटर असतील, त्याला त्यांना तीन तास लागले. त्यांच्याकडे लाकडाची बंद भट्टी आहे, नीट चिमणीवाली, डिटेक्टर बॅटरीवरचा. आम्ही सगळे त्यांच्याकडे आलोय. आमच्या घरातले पाइप शेवगा काकांनी सांगितल्याप्रमाणे रिकामे केले.

गव्हर्नरनी आणीबाणी जाहीर केलीय असं रेडिओवर सांगितलं.

आणि हो, काल गुढी उभारली. घरातच, पडद्याच्या दांडीवर, आईची हिरवी साडी आणि पाण्याचा तांब्या. साखरेची गाठी नव्हती तर आज आजोबांनी मेपलच्या साखरेच्या वड्या दिल्या त्या तिने दोऱ्यात ओवल्या.

केंटकीवाली | सोमवार, संध्याकाळी ६:००

वाचून हायसं वाटलं गं. आम्ही २००९ च्या जानेवारीत पश्चिम केंटकीत होतो, राज्यात सात लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते आणि तिथल्या इतिहासात पहिल्यांदा अख्खा नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलावला. जवान घरोघरी दार ठोठावत फिरत होते, आत कुणी आहे का, हीटर कसला लावलाय. कितीतरी माणसं थंडीने नाही तर जनरेटर आणि शेगड्यांच्या वायूने गेली. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब थोडक्यात वाचलं, जनरेटर गॅरेजमध्ये होता, गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं आणि त्यांना वाटलं तेवढं बास. म्हणून जनरेटर मिळाला तर घरापासून निदान वीस फूट लांब, धुराड्याचं तोंड घराकडे नको.

फ्रिज उघडझाप करू नका, बंद फ्रिज चारेक तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. नंतर सामान डब्यात घालून बाहेर पडवीत, झाकण जड ठेवा, तिकडे अस्वलं जागी व्हायचे दिवस आहेत. कुणाचं इन्सुलिन असेल तर ते मात्र बाहेर नको, गोठलं की फुकट.

पायऱ्यांवर वाळू किंवा राख टाका. भट्टीची राख चालते पण धातूच्या बादलीत पूर्ण विझवून.

पिंपळपान | बुधवार २ एप्रिल, सकाळी ११:१०

प्रश्न आहे. नवऱ्याच्या सहकाऱ्याने जनरेटर आणून दिलाय, ५,००० वॅटचा. तो म्हणतोय की ड्रायरच्या सॉकेटमध्ये दोन्ही टोकांना पिना असलेली वायर लावली की अख्खं घर चालतं, इकडे बरेच जण करतात. आमचा फर्नेस आणि पंप चालला तर आम्ही आजोबांवर भार न होता घरी जाऊ. करू का?

निवृत्त_वायरमन | बुधवार, सकाळी ११:२५

ताई, नाही. अजिबात नाही. मी एरवी इथे फक्त वाचतो, पण हे बघून लॉगिन केलं.

३४ वर्षं लाइनवर काढली, शेवटची दापोलीत. तुम्ही घरातल्या सॉकेटमधून सप्लाय आत सोडला की तो मीटरमधून उलटा बाहेर जातो. दारातला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जसा ७,२०० व्होल्टचे २४० करतो तसाच तो उलट २४० चे ७,२०० करतो, त्याला दिशा कळत नाही. मग तीन किलोमीटरवर जो पोरगा मेलेली लाइन समजून तार हातात घेतो त्याचं काय होईल. याला आम्ही रिटर्न सप्लाय म्हणतो आणि आमच्यातली माणसं त्याच्यात गेलेली आहेत. लाइनमन अर्थिंग करूनच काम करतो, पण तुटलेल्या तारांच्या जंगलात शंभर जागी अर्थिंग कुठून करणार. आणि त्या वायरची उघडी पिन हाताला लागली तर तुम्ही स्वतः तिथेच.

मेन स्विच पाडून करतो असं नवरोबा म्हणतील. माणूस रात्री अंधारात विसरतो. योग्य मार्ग म्हणजे इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच, इलेक्ट्रिशियन बसवून देतो, त्यात मेन चालू असताना जनरेटर चालू होतच नाही. तो मिळेपर्यंत जनरेटर बाहेर ठेवा आणि जाड एक्स्टेंशन वायरने थेट फ्रिजला, दिव्यांना, चार्जरला द्या. बोअरचा पंप आणि फर्नेस थेट जोडलेले असतात, ते तेवढे राहू द्या.

वीज कधी येईल याचं गणित सांगतो म्हणजे जिवाला घोर लागणार नाही. निसर्ग वादळात, २०२० च्या ३ जूनला, कोकणात असंच झालं होतं, खांबच्या खांब झोपले, वाड्यावस्त्यांवर कितीतरी आठवडे दिवा नव्हता. लोक विचारायचे, आमच्या दारावरून गाडी जाते आणि आमची वीज का जोडत नाही. आधी उच्चदाबाची मोठी लाइन, मग सबस्टेशन, मग फीडर, मग फाट्यावरच्या लाइनी, सगळ्यात शेवटी एकट्या घराची तार. वरचं आलं नाही तर खालचं जोडून उपयोग नाही. तुम्ही जंगलाच्या कडेला म्हणजे यादीत शेवटी, त्यात कुणाचा आकस नाही.

खाली पडलेली कुठलीही तार जिवंतच समजा. फोनची वाटली तरी.

पिंपळपान | बुधवार, दुपारी १२:०५

काका, नवऱ्याने स्वतः वाचलं. ती वायर परत दिली. जनरेटर आजोबांच्या गोठ्यापलीकडे ठेवून त्यांचा फ्रिज, फोन आणि एक दिवा चालवतोय. मनापासून आभार, तुम्ही लिहिलंत म्हणून.

पिंपळपान | शनिवार ५ एप्रिल, रात्री ९:३०

आठवा दिवस. आज काही विचारायला नाही आले, मन मोकळं करायला लिहितेय.

आजोबांच्या मेपलच्या बागेत गेलो होतो, रस्त्यावरूनच बघितली. मार्च-एप्रिल हाच त्यांचा हंगाम असतो, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं तेव्हाच झाडातून रस येतो, आणि कळ्या फुटल्या की संपतं. झाडाझाडांतून निळ्या नळ्यांचं जाळं असतं, रस उताराने खाली टाकीत येतो. ते सगळं जाळं जमिनीवर, वर मोडलेले शेंडे. वडिलांनी जपलेली झाडं आहेत त्यांच्या. ते काहीच बोलले नाहीत, टोपी काढून उभे राहिले. आईला इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी, पण तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. द्राक्षबाग दादा, गारपिटीनंतर तुमच्याकडे बांधावर लोक उभे असतात तसंच होतं ते.

इथली माणसं म्हणतात की २०२२ च्या मे महिन्यात गेलॉर्डवरून टॉर्नेडो गेला तो काही मिनिटांत गेला, हे मात्र संपतच नाहीये. नॅशनल गार्डची माणसं रस्ते मोकळे करताना दिसली. शाळेत गरम जेवण आणि अंघोळीची सोय आहे, आज आठ दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलं.

आई रोज भट्टीवर मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकते, आजोबा आणि त्यांच्या पलीकडच्या दोन घरांतली माणसंही जेवतात. मेतकूट संपलं.

द्राक्षबाग | रविवार ६ एप्रिल, सकाळी ७:००

ताई, आजोबांना सांगा, मोडलेली झाडं लगेच तोडून टाकू नका. आमच्या बागेत २०१४ च्या गारपिटीनंतर घाईत उपटलेले वेल मी अजून आठवतो, शेजाऱ्याने ठेवले त्याचे फुटले. मेपलचं मला कळत नाही, पण तिकडच्या कृषी खात्याचा माणूस बघून जाईपर्यंत थांबायला सांगा.

शेवगा | रविवार, सकाळी ९:२०

हे फार बरोबर सांगितलंत. ९८ साली क्वेबेकच्या मेपलवाल्यांचंही असंच झालं होतं, अर्धा शेंडा गेलेल्या झाडांनीही पुढे रस दिला. वाकलेली तरुण बर्च हलवून सरळ करायला जाऊ नका, बर्फासकट हलवली की मोडतात. आपोआप बरीच उठतात.

पिंपळपान | बुधवार ९ एप्रिल, दुपारी ४:४५

वीज आली! सव्वातीनला. म्हणजे आजोबांकडे आली. आमच्याकडे नाही, कारण मीटरच्या वरचा पाइप, ज्यातून खांबावरची तार घरात येते, तो फांदीने वाकलाय, आणि तो म्हणे घरमालकाचा, वीजवाल्यांचा नाही. तो इलेक्ट्रिशियनने बदलल्याशिवाय ते तार जोडत नाहीत. पहिल्याच दिवशी भिंतीकडे लांबून नीट बघितलं असतं तर तेव्हाच नंबर लावला असता. कुणावर अशी वेळ आली तर हे आधी बघा. इलेक्ट्रिशियन शुक्रवारी येणार.

निवृत्त_वायरमन | बुधवार, संध्याकाळी ५:३०

छान झालं. वीज येण्याआधी घरातला मेन बंद ठेवा, आली की एकेक ब्रेकर चालू करा, सगळे एकदम नको. पंप सुरू करायच्या आधी रिकामे केलेले सगळे नळ बंद आहेत का बघा.

पिंपळपान | रविवार १३ एप्रिल, सकाळी १०:००

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरातही दिवे लागले. पंधरा मिनिटं नळाला लाल पाणी आलं, मग स्वच्छ. एकही पाइप फुटला नाही. बाळाचं काल वजन केलं, वाढलंय.

इंटरलॉकसाठी त्याच इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, पुढच्या महिन्यात बसवेल. सदाफुली ताई, बॅटरीवरचे कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर तीन घेतले. एक झोपायच्या खोलीबाहेर, एक तळघरात. तिसरा आईच्या बॅगेत आहे, ती जूनमध्ये परत जातेय आणि वाईला माझ्या मामाच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे.